पहिल्या गळ्याचा हक्क

सरकारी दप्तरात ज्याची नोंद आता अहिल्यानगर अशी झाली आहे, पण बाजारपेठेत आणि एसटीच्या फलाटावर जे अजून नगरच आहे, त्या आमच्या गावात सोप्रानो नामक पाश्चात्त्य स्त्रीकंठावरून दोन वयोवृद्ध माणसांनी हिरिरीने भांडावे, हे परगावच्या वाचकाला काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने येथे ठाणे दिल्यापासून परदेशी स्वरमेळ या गावाच्या कानांवरून जात आलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्तभजने रचली ती याच नगर-राहुरीच्या मुलखात राहून. आणि १९६९ साली मेहेरबाबांचा देह अरणगावानजीक मेहेराबादेस समाधीत ठेवला, तेव्हा कोल पोर्टर या अमेरिकन रचनाकाराच्या 'बिगिन द बिगीन' या गीताची तबकडी तेथे वाजली, ती खुद्द बाबांच्या इच्छेनुसार. तेव्हा परका सूर नगरला नवा नाही. त्यावरून गुद्द्यांवर येण्याइतकी आस्था मात्र क्वचित आढळते, आणि म्हणूनच हा संवाद मी टिपून ठेवला.

या तंट्यातील वादी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ असून त्यांना सारे गाव रावसाहेब म्हणते. माळीवाड्यातील त्यांच्या घरी बालगंधर्वांच्या तबकड्यांचा जो संग्रह आहे तो त्यांनी मुलाबाळांच्या वाटणीपत्रातून जाणूनबुजून वगळलेला आहे. प्रतिवादी म्हणजे मिशनच्या मुलींच्या शाळेत संगीत आणि इंग्रजी शिकवण्यात हयात घालवलेल्या बाई. चर्चच्या गायकवृंदाची जबाबदारी त्यांनी वार्धक्यातही सोडलेली नाही, आणि टिळकांची पदे व बाखची स्तोत्रे त्यांच्या पायपेटीवर एकाच संध्याकाळी सुखाने नांदतात. वादाचे निमित्त झाल्या पॅट्रिशिया रोझारिओ. १९६० साली मुंबईत जन्मलेली ही मुलगी लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयात गायनाचे शिक्षण घेते, मोझार्ट आणि हँडेल यांच्या भूमिकांनी नाव मिळवते आणि मग हळूहळू, जिवंत रचनाकार जिच्या गळ्याकडे पाहून लिहितात अशी गायिका होते. एकट्या जॉन टॅव्हनर या इंग्रज रचनाकाराने तिच्यासाठी तिसांहून अधिक कृती लिहिल्या, एस्टोनियाच्या आर्व्हो पॅर्टने लिहिले, आणि २००१ साली ब्रिटिश सरकारने तिला 'ओबीई' हा किताब दिला. बाईंनी तिच्या गायनाची ध्वनिमुद्रणे रावसाहेबांना ऐकावयास दिली होती. ती परत करावयास ते आले ते जणू लेखी कैफियत घेऊनच.

रावसाहेब : बाई, गळा अस्सल आहे, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या विनियोगाविषयी. मोझार्टची इस्टेट मोकळी पडलेली असताना, पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीची मशागत झाली ती सोडून, ही बाई अजून कोणाच्या ओठी न रुळलेल्या रचनांमागे आयुष्य वेचते. आज लिहिलेले, उद्या गायिलेले आणि परवा विसरलेले, अशा गाण्याला वाहून घेणे यात निष्ठा असेल, पण विवेक कोणता?

बाई : इस्टेट मोकळी पडलेली नाही, रावसाहेब, तिच्यावर वहिवाटदारांची खोगीरभरती आहे. मोझार्टची सुझाना गाणाऱ्या गायिका जगात शेकड्यांनी सापडतील. आणि रोझारिओंनी तीही भूमी टाकलेली नाही. परंतु जुनी भूमिका गाताना गायिकेच्या डोक्यावर आधीच्या दहा पिढ्यांच्या गळ्यांचे ओझे असते. हा स्वर अमकीने असा लावला होता, तमकीने येथे श्वास घेतला होता. नव्या रचनेत तसा कोणी पूर्वज नसतो. समोर कागद, बाजूला रचनाकार, आणि मध्ये आपण.

रावसाहेब : अगदी बरोबर बोललात, आणि तेथेच माझा दुसरा आक्षेप उभा राहतो. समोर कागद! कागदावर जे लिहिले तेच म्हणावयाचे, स्वर इकडचा तिकडे करावयाचा नाही, मात्रा लांबवावयाची नाही. मग ती गायिका कसली? आमच्या कचेरीत नक्कलनवीस असत, मूळ दस्तऐवजाची हुबेहूब प्रत काढणे हे त्यांचे काम. अक्षर कितीही वळणदार असले तरी लेखाचे कर्तृत्व त्यांचे कोणी मानीत नसे.

(हा टोला जबरदस्त होता, आणि मी मनात म्हटले की याचे उत्तर सहजासहजी मिळणार नाही. आपल्या रागगायनाच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही श्रोत्याच्या मनात पाश्चात्त्य गायनाविषयी जी मूळची अढी असते ती हीच असते. बाकीचे सारे आक्षेप तिचेच पोटकलम.)

बाई : मग एक सांगा. १९१६ च्या डिसेंबरात 'स्वयंवर' रंगभूमीवर आले, तेव्हा रुक्मिणीच्या पदांच्या चाली कोणाच्या?

रावसाहेब : भास्करबुवा बखल्यांच्या. हे का विचारावयाचे?

बाई : आणि १९११ च्या 'मानापमाना'तील भामिनीच्या?

रावसाहेब : गोविंदराव टेंब्यांच्या. बाई, तुम्ही माझी उलटतपासणी घेत आहात.

बाई : घेतेच आहे. आता सांगा, बखलेबुवांनी त्या चाली कोणत्या गळ्यासाठी बांधल्या? हवेत बांधल्या का? समोर नारायणराव राजहंस, म्हणजे तुमचे बालगंधर्व, बसलेले, त्यांचा आवाज कोठे खुलतो, कोणत्या स्वरावर तो रेंगाळला असता श्रोता विरघळतो, हे सर्व बुवांना तळहाताच्या रेषांप्रमाणे ठाऊक. त्या गळ्याच्या मापाने ती चाल बेतली गेली. म्हणून आजही कोणी नवखी मुलगी रुक्मिणीचे पद म्हणू लागली म्हणजे ती बखलेबुवांची चाल म्हणते हे जितके खरे, तितकेच ती बालगंधर्वांच्या कंठाच्या आकारात आपला कंठ घालून पाहते हेही खरे. रोझारिओंच्या बाबतीत टॅव्हनरने केले ते याहून वेगळे काय? अतिउच्च स्वरावर, आणि तोही अगदी हलका, जणू तुटेल असा लावून, श्वासाची जाणीवही न देता दीर्घकाळ धरून ठेवण्याची शक्ती त्या गळ्यात आहे, हे त्याला उमगले आणि त्याने त्याच शक्तीभोवती आपली रचना उभी केली. तुमचा नक्कलनवीस दस्तऐवज तयार झाल्यावर येतो, रावसाहेब. ही बाई दस्तऐवज लिहिला जात असताना तेथे हजर होती.

रावसाहेब : साक्षीदार म्हणून?

बाई : ज्या कागदावर तो लिहिला गेला, तो कागद म्हणून.

रावसाहेब काही क्षण बोलले नाहीत. बालगंधर्वांचे नाव पुराव्यात आले म्हणजे त्यांची अवस्था न्यायाधीशाच्या नातलगाने साक्षीस उभे राहावे तशी होते. परंतु ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या जाबजबाबांतील फटी शोधल्या, तो इतक्यावर हार मानील हे संभवनीय नव्हते. त्यांनी विषयाची बाजू बदलली.

रावसाहेब : बरे, कर्तृत्वाचा मुद्दा बाजूला ठेवू. बालगंधर्वांचा एकही शब्द कधी हरवला नाही. ताना घेतील, आळवतील, पण शब्द निसटला असे कधी झाले नाही. तुमच्या या बाईंचे गाणे पुष्कळ ऐकून मला एक अक्षर उमगले नाही. इंग्रजी होते म्हणून नव्हे, इंग्रजी मला येते. वर चढल्या की सारे स्वर 'आ' होतात. हा उच्चारातला आळस म्हणावा की गर्व?

यावर बाई पायपेटीपाशी जाऊन बसल्या. पाय हलू लागले, भाता भरला, आणि त्यांनी मधल्या सप्तकातील पांढरी एक दाबून धरली.

बाई : ही सोप्रानोची खालची हद्द. सेकंदाला सुमारे दोनशे बासष्ट कंपने. येथून वर दोन सप्तके, म्हणजे एक हजार शेहेचाळीस कंपनांच्या आसपास, तिची वरची हद्द. कोणी त्याच्याही पलीकडे जातात. आता मी खाली 'ई' म्हणते, पाहा. (त्यांनी म्हटली.) स्पष्ट आहे ना? 'ई' म्हणताना घशाची आणि तोंडाची जी पोकळी होते, तिची पहिली घुमण साधारण तीनशे कंपनांवर असते; 'आ'ची सातशे-आठशेवर. 'ई' ओळखू येते ती त्या घुमणीमुळे. आता गाण्याचा मूळ स्वरच सातशे कंपनांवर गेला, तर तीनशेची घुमण दाखवावयास आवाजात उरले काय? गायिकेने जिवाचा आटापिटा केला तरी तेथे 'ई' 'ई'सारखी ऐकू येणार नाही. उलट जबडा मिटून तशीच ओढली तर आवाज चिरकेल. म्हणून ती तोंड उघडते, पोकळीची घुमण त्या स्वराबरोबर जुळवून घेते, आणि मगच तो आवाज ध्वनिवर्धकाशिवाय सबंध वाद्यवृंदावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो. यात आळस नाही, गर्वही नाही. हा शरीराचा कायदा आहे, आणि त्यावर अपील नाही.

रावसाहेब : कायदा मान्य. पण मग रचनाकाराने शब्द तरी कशाला लिहावे?

बाई : चांगला रचनाकार अर्थाचा शब्द खाली ठेवतो, आणि शब्द संपून नुसती आळवणी उरते तेव्हा गळ्याला वर नेतो. वाईट रचनाकाराला हे कळत नाही. नव्या संगीतात वाईट रचनाकार पुष्कळ आहेत, हे मी तुम्ही विचारण्याआधीच कबूल करून टाकते.

(हे ऐकताना मला आमच्याच जिल्ह्यातील एका कंठाची आठवण झाली. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहून, उघड्या माळावर, हजारोंच्या समुदायापुढे लावणी म्हणत असे, आणि तेथेही ध्वनिवर्धक नव्हता. तमाशातील बाईचा सूर चढा का, याची कारणे शोधणाऱ्यांनी नाना तर्क केले आहेत. परंतु माणसांच्या कल्लोळातून आणि ढोलकीच्या थापेवरून आवाज पार न्यावयाचा असेल तर उंच जाण्यावाचून गत्यंतर नसते, हे कारण मला पुरेसे वाटते. युरोपातील नाट्यगृह आणि हिवरगावचा माळ यांत अंतर फार, पण गळ्यापुढची अडचण एकच.)

रावसाहेब : तुम्ही टॅव्हनरच्या त्या 'मेरी ऑफ ईजिप्ट'चे मोठे कौतुक करीत होता. त्यात काय आहे?

बाई : कथा ख्रिस्ती संतचरित्रांतली. अलेक्झांड्रियातील एक वारांगना तीर्थयात्रेच्या गर्दीबरोबर येरुशलेमला जाते, देवळाच्या उंबरठ्यावर तिची पावले अडतात, तेथे तिला आपल्या आयुष्याचा उमज पडतो, आणि पुढे वाळवंटात ती एकटी सत्तेचाळीस वर्षे काढते. अखेरीस झोसिमा नावाच्या एका संन्याशाला ती तेथे भेटते. तो पुण्यवान, पण कोरडा. दोघांत श्रेष्ठ कोण, हे कथा न बोलता सांगते. टॅव्हनरने १९७७ साली ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला होता. संहिता लिहून दिली ती मदर थेक्ला नावाच्या एका जोगिणीने. १९ जून १९९२ रोजी आल्डबरोच्या महोत्सवात पहिला प्रयोग झाला, आणि मेरी झाल्या पॅट्रिशिया रोझारिओ.

रावसाहेब : अहो, म्हणजे ही कान्होपात्राच की!

बाई : मला वाटलेच होते, तुम्ही तेथे पोहोचाल.

रावसाहेब : मंगळवेढ्याच्या नायकिणीची मुलगी आणि पंढरीचा उंबरठा. १९३१ साली गंधर्व मंडळीने ते नाटक आणले, ना. वि. कुलकर्ण्यांची संहिता, मास्तर कृष्णरावांच्या चाली. संगीत नाटकाचे दिवस तेव्हा भरत आले होते, बोलपट दाराशी येऊन उभा होता, आणि बालगंधर्व चाळिशी ओलांडलेले. तशाही स्थितीत त्यांनी कान्होपात्रा उभी केली. पण बाई, येथेच तुमचा दावा कोसळतो! ते नाटक नवेच होते, चालीही नव्याच होत्या, आणि तरी त्यातील अभंग पंढरपुरापासून नागपुरापर्यंत भजनी मंडळांत गेले, लग्नाच्या मांडवात गेले. ज्याने नाटकगृह पाहिले नाही त्यानेही ते म्हटले. तुमच्या मेरीचे गाणे लंडनमधला कोणता टांगेवाला म्हणतो ते दाखवा.

बाई : नाही म्हणत. हे मी नाकारीत नाही.

बाईंनी हे इतक्या सरळपणे कबूल केले की रावसाहेबच किंचित ओशाळले. या व्यवसायातील जाणत्यांत एक बोल रूढ आहे : नव्या कृतीला पहिला प्रयोग मिळतो, दुसरा मिळत नाही. महोत्सव पैसा देतात तो पहिल्या प्रयोगाच्या मानासाठी. वर्तमानपत्रे लिहितात ती पहिल्या प्रयोगावर. आणि ज्या गायिकेने महिनोन्‌महिने खपून एखादा अवघड स्वरक्रम अंगात मुरवला, तिला तो पुन्हा गाण्याची संधी कदाचित कित्येक वर्षांनी येते, कदाचित येतही नाही. जुन्या संगीतनाटकातील भूमिका एकदा बसवली की गायिका तिच्यावर वीस वर्षे पोट भरते. नव्या रचनेचे श्रम तितकेच किंवा अधिक, आणि उत्पन्न एका रात्रीचे. या मार्गाला लागणाऱ्या गायिकेच्या हिशेबात व्यवहार कोठेही बसत नाही, आणि रावसाहेबांच्या आक्षेपाला खरे वजन येते ते येथे. अभिरुचीच्या प्रश्नावर त्यांना हरवता येईल, परंतु हे गाणे लोकांत का उतरत नाही, या प्रश्नाचे उत्तर पश्चिमेकडील विद्वानांनीही समाधानकारक दिले आहे असे मला वाटत नाही.

बाई : पण रावसाहेब, टांगेवाल्याच्या ओठी गेले नाही म्हणून ते लोकांपासून तुटलेले असते असे नव्हे. २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये टॅव्हनरची 'द व्हेल ऑफ द टेंपल' ही कृती झाली. रात्री आरंभ, पहाटेपर्यंत गायन, सुमारे सात तास. आणि त्या रात्रभर चाललेल्या गायनात सोप्रानो रोझारिओ. माणसे तेथे करमणुकीसाठी बसली नव्हती.

रावसाहेब : रात्रभर? म्हणजे हरिजागरच म्हणा. वीणा खाली ठेवावयाची नाही.

बाई : वीणेचेही सांगते. बायझंटाइन गायकीत गाणाऱ्याच्या खाली एक अखंड षड्ज धरून ठेवण्याची चाल आहे. टॅव्हनरच्या रचनांत तो खालचा स्वर कित्येकदा सुटतच नाही. वाद्यवृंद हटतो, समूह हटतो, तो एक स्वर राहतो, आणि त्यावर एकटा गळा आपल्या वाटेने जातो, कणांनी, मुरक्यांनी, दोन स्वरांच्या मधल्या जागांतून. तुम्ही मुद्रण ऐकले तेव्हा ते तुमच्या ध्यानात आले नाही?

रावसाहेब : (थांबून) आले होते. तेवढा भाग मी पुन्हा लावला. पण ते मी कैफियतीत लिहिले नाही.

(शिरस्तेदाराने आपल्या बाजूला मारक ठरणारा पुरावा दडवून ठेवावा आणि मग आपणहून सांगून टाकावा, यावर बाई इतक्या मनमुराद हसल्या की वादाला काही काळ खंड पडला आणि चहा आला.)

चहा घेताना मी मध्येच तोंड घातले. वास्तविक दोघांच्या वादात तिसऱ्याने बोलू नये, परंतु विषय भूगोलाचा होता. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले की ज्ञानदेवांचे नेवासे बाजूला राहते, प्रवरासंगमाशी गोदावरी ओलांडावी लागते, आणि पुढे देवगिरीचा किल्ला दिसतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघण यादवाच्या पदरी तेथे शार्ङ्गदेव होता, आणि त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्या ग्रंथात एकशे वीस देशी तालांची यादी आहे. सातशे वर्षांनी ऑलिव्हिए मेस्सिआँ या फ्रेंच रचनाकाराच्या दृष्टीस ती यादी एका फ्रेंच ज्ञानकोशात पडली, आणि त्याच्या लयविचाराचा पायाच तीमुळे बदलला. 'रागवर्धन' हे तालनाम त्याने आपल्या शास्त्रग्रंथात नोंदवले आहे. त्याच मेस्सिआँने १९४५ साली सोप्रानो आणि पियानो यांसाठी 'हरावी' ही बारा गीतांची माला लिहिली, जी गाण्याचे धाडस करणाऱ्या गायिका आजही थोड्याच. ज्या नव्या संगीताला आपण परदेशी म्हणून दाराबाहेर उभे करतो, त्याच्या शिदोरीत यादवांच्या दरबारातील एक चिठोरा निघावा, ही गोष्ट मला सांगावीशी वाटली.

रावसाहेब : सिंघणाच्या दरबारी हा शार्ङ्गदेव काय करीत असे? दरबारगवई?

मी : नव्हे. जमाखर्चाच्या आणि लेखनाच्या कचेरीचा प्रमुख.

रावसाहेब : म्हणजे दप्तरातला माणूस! (एकदम सरसावून) पाहिलेत, बाई? ताल नीट मोजून यादीत कोणी लावले? कचेरीने.

बाई : लावले, आणि त्यात एक महत्त्वाचे निरीक्षणही केले. गळ्यांचे गुणदोष सांगताना तो म्हणतो की काही आवाज असे असतात की अभ्यास न करताही त्यांतून राग प्रकटतो, कारण ती शक्ती देहाबरोबरच जन्माला आलेली असते. मी मघापासून तेच सांगते आहे. रचनाकार पुष्कळ असतात. असा देह क्वचित. तो सापडला की रचनाकाराने त्याच्याकडे जाऊन लिहावे, हा क्रम टॅव्हनरने शोधून काढलेला नाही.

रावसाहेब : हे ठीक. परंतु बाई, मी सामान्य श्रोता आहे, आणि सामान्य श्रोत्याला नवे संगीत पचत नाही, हे तुम्ही मान्य करा. मला तरी ते पचलेले नाही. एकही नाही.

बाई : 'भारत एक खोज' पाहात होता का तुम्ही?

रावसाहेब : १९८८ साल! रविवारची सकाळ सोडली नाही. अहो, आमच्या नगरच्या किल्ल्यात १९४२ ते ४५ जवाहरलालजी कैदेत होते, तेव्हा तेथे बसून लिहिलेला, ज्यावर ती मालिका बेतली तो ग्रंथ. मौलाना आझादांनीही त्याच भिंतींआड आपली पत्रे लिहिली, आणि त्यांतले एक तर सबंध संगीतावर. बेनेगलांची मालिका पाहणे हे आमचे नागरिकत्वाचे कर्तव्यच होते.

बाई : आणि आरंभी ते सूक्त यायचे?

रावसाहेब : नासदीय सूक्त! अंगावर काटा येत असे. आधी जणू काही नाही, मग तो समूहस्वर वर चढू लागतो, एकावर दुसरा, त्यावर तिसरा... (येथे त्यांचा हात हवेत तसाच राहिला.)

बाई : संगीत कोणाचे?

रावसाहेब : वनराज भाटिया.

बाई : मुंबईत जन्मलेला, लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत आणि मग पॅरिसला नादिया बूलांजेंकडे रचनाशास्त्र शिकून आलेला रचनाकार. ऋग्वेदाचे शब्द, पाश्चात्त्य पद्धतीचा समूहस्वरमेळ, लिहिले विसाव्या शतकाच्या शेवटी. ते नवे कंठसंगीतच होते, रावसाहेब, आणि तुम्हांला ते पचले इतकेच नव्हे, तर चाळीस वर्षे होत आली तरी तुमच्या अंगावर काटा आहे. टांगेवाल्यालाही आला असेल. दूरदर्शन त्याच्याही घरी होते.

रावसाहेब : ही तर सरळ फसवणूक झाली. नोटीस न देता पुरावा दाखल केलात.

बाई : दाखल झाला ना?

रावसाहेब : झाला. पण त्याची किंमत ठरवणे न्यायालयाकडे. ऐका. भाटियांचे सूक्त माझ्या घरात आले कारण मालिका आठवड्यामागून आठवडा येत राहिली. ऐकण्याची सवय म्हणजे वहिवाट, आणि वहिवाटीखेरीज हक्क सिद्ध होत नाही. खासगी जमिनीवर बारा वर्षे, सरकारी जमिनीवर तीस वर्षे, असा कायदा आहे. तुमच्या रोझारिओ एक रात्र शेत नांगरतात आणि दुसऱ्या गावाला जातात.

बाई : 'मेरी ऑफ ईजिप्ट' १९९२ सालची. सरकारी मुदतही केव्हाच भरली.

रावसाहेब : मुदत भरली, पण कब्जा उघड आणि अखंड असावा लागतो. मधली वर्षे शेत पडीक होते, हे तुम्हीच मघाशी कबूल केलेत. आणि कब्जेदार गेल्यावर वारस? टॅव्हनर २०१३ साली गेले. ज्या गळ्याच्या मापाने ते सारे बेतले, तो गळाही वय चुकवू शकणार नाही. बखलेबुवांच्या चाली जगल्या त्या नारायणरावांनंतर दुसऱ्यांनी उचलल्या म्हणून. येथे दुसरा गळा दाखवा, आणि मी माझी फिर्याद काढून घेतो.

या मुद्द्यावर मला रावसाहेबांची बाजू बळकट वाटते, आणि वाटते हे लिहून ठेवतो. पहिल्या गायिकेचा त्या कृतीवर हक्क असतो, कर्तृत्वाइतकाच असतो, हे बाईंनी सिद्ध केले. परंतु जी कृती एकाच देहाला इतकी बिलगून जन्मते, ती त्या देहाबाहेर पडू शकेल का, हा प्रश्न बाईंच्याच युक्तिवादातून निघतो, आणि जितका तो युक्तिवाद पक्का तितका हा प्रश्न कठीण. रोझारिओंना स्वतःला याची जाणीव असावी, असे त्यांच्या अलीकडच्या उद्योगावरून दिसते. लंडनच्या रॉयल कॉलेजात त्या शिकवतात. आणि पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह वेळोवेळी भारतात येऊन, मुंबई, गोवे आणि इतरत्रच्या तरुण गायकांना गळा तयार करण्याचे शिक्षण देण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला आहे. श्वास बरगड्यांखाली कसा धरावा, खालचा आवाज आणि वरचा आवाज यांमधील सांधा ऐकू न येईल असा कसा बुजवावा, हे पुस्तकातून शिकता येत नाही. समोर बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून ते सांगावे लागते. आपल्या तालमीचाच हा प्रकार, फक्त तंबोऱ्याच्या जागी पियानो.

बाई : दुसरा गळा माझ्याकडे आहे.

रावसाहेब : कोठे?

बाई : गायकवृंदात, राहुरीकडची मुलगी. वरच्या सप्तकात जाताना तिला वाट विचारावी लागत नाही. शेतकऱ्याची पोर, आईबरोबर कांदे लावताना जी गाणी म्हणते तीही असल्याच पट्टीत. मी तिला टॅव्हनरची अख्मातोव्हा गीते द्यावयाचे ठरवले आहे. सोप्रानो आणि चेलो, बस्स. वाद्यवृंदाचा खर्च नाही. चेलोचा भाग मी पेटीवर धरीन.

रावसाहेब : अख्मातोव्हा म्हणजे रशियन कवयित्री ना? शब्द कोणत्या भाषेत?

बाई : रशियनमध्ये.

रावसाहेब : राहुरीत रशियन!

बाई : मी लॅटिन शिकलेच होते की नगरात. शिकेल ती.

रावसाहेब : शिकू द्या. पण आधी तिच्याकडून कान्होपात्रेचे एक पद बसवून घ्या, तेही दोन महिने. पेटीवर मी बसेन, तुम्ही मध्ये बोलावयाचे नाही. मग तुमची रशियन बाई. आणि हे लेखी घ्या : तीस वर्षांची मुदत त्या पोरीच्या पहिल्या तारखेपासून मोजावयाची, रोझारिओंच्या नव्हे.